जिलबी का चावली?

"कोणी हलायचं नाही," जुई दबक्या आवाजात म्हणाली, आणि नेमकी तेव्हाच निखिलला शिंक आली.

नाकात तांदळाची पिठी गेल्यावर दुसरं काय होणार! गच्चीच्या दारासमोर तिघांनी प्रमिलाआत्याच्या डब्यातली निम्मी पिठी चाळणीने भुरभुरवून ठेवली होती आणि आता ती तिघं पाण्याच्या टाकीमागे पालथी पडली होती. जुई बारा वर्षांची, नुकतीच सातवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. समोरच्या घरातला निखिल तिच्याहून एकच वर्षाने मोठा, पण स्वतःला फार शहाणा समजणारा. आणि त्याची दहा वर्षांची बहीण प्राजक्ता, जिला कोणी बोलावत नसे आणि जी तरीही सगळीकडे असे.

भोपाळमधल्या कोटरा सुल्तानाबादच्या सरकारी वसाहतीत मे महिन्यात सकाळीसुद्धा नऊनंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही. त्यामुळे गच्ची तापायच्या आत काम उरकायचं होतं. ज्या पाहुणीची वाट पाहणं चाललं होतं ती मात्र अगदी सावकाश जिना चढत होती. शेवटी दारातून आधी एक काळं नाक दिसलं, मग दोन काळे कान, आणि सगळ्यात शेवटी दोन वेढ्यांची गोल शेपटी.

त्या शेपटीमुळेच तिचं नाव जिलबी. जुईच्या बाबांना ती पिल्लू असताना पोहे-जिलबीच्या गाडीमागे सापडली होती. नखशिखान्त काळी. नखंसुद्धा काळी. जिलबीने पिठी हुंगली, थोडी चाटली, पसंत पडली नाही असं तोंड केलं आणि त्यावरून चालत सावलीत जाऊन बसली.

तिघंही पिठीकडे धावली. गुडघ्यावर बसून जुई एकेक ठसा पाहू लागली. मधली मोठी गादी आणि पुढे चार बोटं, असा कुत्र्याच्या पावलाचा ठसा उमटतो. मागचे दोन्ही पाय, चार चार बोटं. पुढचा डावा, चार बोटं. पुढचा उजवा...

"तीनच आहेत," प्राजक्ता म्हणाली. "जिलबीला एक बोट कमी आहे?"

"बोट आहे. ती ते टेकवत नाही," जुई म्हणाली. दोन रात्री जे कोडं तिला झोपू देत नव्हतं, त्याचं एक टोक हाती लागलं होतं.

आता हे कोडं काय ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढी पिठी कशाला वाया घालवली.

गुरुवारी संध्याकाळी बाबांच्या ऑफिसातले मोठे साहेब चहाला आले होते. बाबा म्हणजे अनंतराव, जलसंपदा खात्यात इंजिनिअर. घरी कोणी आलं की जिलबी उजवा पाय उचलून हातात द्यायची, हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं आणि बाबांना त्याचा भारी अभिमान होता. त्यांनी मोठ्या ऐटीत "जिलबी, शेकहँड" म्हटलं. जिलबीने पाय दिलाच नाही. साहेबांनी कौतुकाने वाकून स्वतःच तो उचलला आणि पुढच्या क्षणी साहेबांची बाही जिलबीच्या तोंडात होती! दात कातडीला लागले नाहीत, पण चहाचा कप साहेबांच्या पॅंटवर उलटला. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब गेल्यावर बाबांनी भोपाळजवळच्या मंडीदीपला फोन लावला. तिथे त्यांचे ओळखीचे दत्तूभाऊ राहत. त्यांना गोदामाच्या राखणीला कुत्रं हवंच होतं. रविवारी सकाळी येऊन घेऊन जा, असं बाबा सांगत होते आणि जुई दारात उभी राहून ऐकत होती. त्या गोदामाशी ती एकदा गेली होती. पत्र्याची शेड, दिवसभर ट्रकची ये-जा, आणि खांबाला साखळी. जुई रडली, जेवली नाही, पुण्याला ट्रेनिंगला गेलेल्या आईला फोनवर सांगून पाहिलं. आई बिचारी तिकडून काय करणार? बाबा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "चावणारं कुत्रं घरात नको." हे त्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं की जुईची पाचावर धारण बसली.

जिलबीने आजवर कधी कोणाला नखही लावलं नव्हतं. प्राजक्ता लहान असताना तिच्या शेपटीचा वेढा सरळ करायचा प्रयत्न करायची, तेव्हासुद्धा नाही. मग गुरुवारीच काय झालं? निखिलचं म्हणणं, उन्हाळ्याने डोकं फिरलं. प्राजक्ताचं ठाम मत की साहेब मनातून दुष्ट असणार. जुईला दोन्ही पटत नव्हतं. शुक्रवारी दुपारी ती फरशीवर पडून होती, कानाशी जिलबीच्या चालण्याचा आवाज येत होता. टिक टिक टिक, आणि मग एक अडखळ. वाढलेल्या नखांचा हा आवाज रोज तिच्या कानावर पडणारा होता. आज त्यात काहीतरी चुकत होतं. पाहायला गेलं तर पायाला हात लावू देत नव्हती. म्हणून ही पिठी.

"पिठीचा डबा कोणी नेला?" खालून प्रमिलाआत्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चपलांचा. कुरडया-पापडांच्या दिवसात आत्याच्या पिठीला हात लावणं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं. तिघं जिलबीला घेऊन दुसऱ्या जिन्याने निखिलच्या घरी पसार झाली.

तिथल्या मागच्या बाल्कनीत पुढची तपासणी सुरू झाली. निखिलने मोठ्या आत्मविश्वासाने सरळ पायच धरायला हात पुढे केला. जिलबी गुरगुरली. हात जितक्या आत्मविश्वासाने पुढे गेला होता, त्याच्या दुप्पट वेगाने मागे आला. प्राजक्ता खी खी हसली. जुईने तिला गप्प केलं आणि फ्रिजमधलं घट्ट दही मागवलं. ताटलीला दही लेपून ते जिलबीपुढे ठेवलं. जिलबी चाटू लागली. जुईने पायाला हात लावला नाही. आधी खांद्यावर ठेवला, तिथे थोडा वेळ राहू दिला, मग कोपरापर्यंत आणला. जिलबी थांबली की हात थांबे, जिलबी चाटायला लागली की हात पुढे सरके. तोंडाने तिचं "शहाणी माझी, शहाणी" चालू होतं. पंजापाशी मात्र तिने हात नेलाच नाही. नुसतं खाली वाकून म्हणाली, "निखिल, बॅटरी."

निखिलने मोबाइलची बॅटरी लावली. सगळ्यात बाहेरच्या, करंगळीसारख्या बोटावर उजेड पडला आणि काहीतरी चकाकलं.

केस चकाकत नाहीत. निदान असे तरी नाहीत.

"यार, ये तो टेप है," निखिल कुजबुजला. भोपाळच्या शाळेत शिकल्यामुळे घाबरला की त्याच्या तोंडून हिंदी येई. "वायरला लावतात ती. काळी टेप."

काळ्या कुत्रीच्या काळ्या बोटावर काळी टेप! वेढ्यावर वेढे घेऊन घट्ट आवळलेली. कडा चावून चावून फाटल्या होत्या आणि टेपच्या दोन्ही बाजूंनी बोट टम्म फुगलं होतं. हे असं कोणाला दिसणार होतं? जुईच्या डोळ्यात पाणी आलं. इतके दिवस ही दुखणं घेऊन घरभर फिरत होती आणि सगळे म्हणत होते, उन्हाळ्याने सुस्तावली.

ही टेप लावली कोणी, यासाठी मात्र फार डोकं खाजवावं लागलं नाही. वसाहतीत सायकलच्या मुठीपासून नळाच्या पाइपापर्यंत जिथे काळी टेप दिसे, तिथे जितेंद्रकाकांचा हात लागलेला असे. काका तळमजल्यावर राहत. मंडीदीपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे यंत्रांचे सुटे भाग आणि साचे घडवणाऱ्या विभागात, त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी साऱ्या वसाहतीच्या कुत्र्यामांजरांची नखं कापायचं काम हौसेने अंगावर घेतलं. त्यासाठी त्यांनी स्वतः घासून पोलादाची एक छोटी पट्टी बनवली होती. तिच्या खाचेत नख घालायचं, बाहेर येईल तेवढं कापायचं. त्या पट्टीला ते 'गेज' म्हणत. केसाचाही फरक पडणार नाही, असं छातीठोकपणे सांगत, आणि खरंच, आजवर कधी पडला नव्हता.

काका सध्या अमरावतीला पुतणीच्या लग्नाला गेले होते. जुईने फोन लावला. तिकडे बँड वाजत होता.

"हो, मंगळवारी कापायला घेतली ना नखं," काका ओरडून म्हणाले. "निघायच्या घाईत होतो. पहिल्याच नखातून थोडं रक्त आलं, टेप मारली, बाकीची तशीच ठेवली. संध्याकाळी काढायची होती, राहूनच गेलं बघ. अनंताला विचार, तोच साखळी धरून उभा होता, फोनवर बोलत. आता तूच ओढून काढ ती टेप."

"पण काका, रक्त आलंच कसं? याआधी कधी आलं नव्हतं."

"तेच मलाही कळेना. गेज तेच, हात तोच," काका म्हणाले, आणि वरात पुढे सरकल्यामुळे त्यांचं पुढचं काही ऐकू आलं नाही.

जुई फोन हातात घेऊन तशीच बसली. मंगळवारी ती पोहण्याच्या वर्गाला गेली होती, आत्या महाकाळाच्या दर्शनाला उज्जैनला. उरले बाबा. म्हणजे बाबा तिथेच होते! आणि तेच बाबा उद्या जिलबीला पाठवून देणार होते.

निखिल टेप ओढून काढायला तयार होता. जुईने त्याला साफ नाही म्हणून सांगितलं. ओढली आणि सोबत कातडी आली तर? डॉक्टरच हवा. जिलबीला लस टोचायला नेत तो जनावरांचा दवाखाना जवाहर चौकात होता, पण तिथे मोठं माणूस सोबत असल्याशिवाय हात लावत नसत. बाबा धरणाच्या कामावर रायसेनला गेलेले, संध्याकाळशिवाय येणार नव्हते. निखिलकडेही कोणी मोठं घरी नव्हतं. मोठं माणूस म्हणून एकच होतं, आणि ते या घडीला पिठीच्या निम्म्या झालेल्या डब्याशेजारी लाटणं घेऊन उभं होतं.

आत्याला कुत्र्यांची शिसारी. दिवाळीनंतर ती भावाकडे राहायला आली तेव्हापासून ती आणि जिलबी एका खोलीत कधी बसली नव्हती. तिला तर्काने समजावण्यात अर्थ नव्हता. जुईने काही समजावलंच नाही. जिलबीला तिच्यासमोर आणलं, ताटली पुढे केली आणि बॅटरीचा उजेड त्या बोटावर धरला. आत्याने आधी पदर नाकाला लावला. मग वाकून पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अगं बाई गं," ती हळूच म्हणाली. लाटणं ओट्यावर ठेवून तिने देवघरापुढचा दिवा नीट केला, पर्स घेतली आणि निखिलला रिक्षा आणायला पिटाळलं.

रिक्षावाल्याने जिलबीकडे पाहून "काटेगी तो नहीं?" असं विचारलं. एरवी आत्याचं हिंदी ऐकून वसाहतीतली पोरं पोट धरून हसत, पण आज तिने जे काही "उसका बोट दुखता है, तुम चलाव" असं सुनावलं, त्यावर कोणाची हसायची छाती झाली नाही. जिलबी जुईच्या मांडीवर आणि दुखरा पाय हवेत, अशी मंडळी जवाहर चौकात पोचली.

डॉक्टर कल्पना मूळच्या इंदूरच्या मराठी. त्यांनी आधी मऊ बँडेजची पट्टी जिलबीच्या तोंडाभोवती सैलसर बांधली. आत्याला ते अजिबात आवडलं नाही. दुखऱ्या जागी हात लागला की सगळ्यात गरीब कुत्रंसुद्धा चावतं, त्यात तिचा दोष नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. जुईने निखिलकडे पाहिलं. जिलबीचा दोष नाही, हेच तर ती दोन दिवस सांगत होती.

टेपवर औषधी पाणी सोडून सोडून ती भिजवली गेली. मग बोथट टोकाच्या कात्रीने डॉक्टरांनी एकेक वेढा कापला. शेवटचा वेढा सुटला तेव्हा जिलबीने इतका मोठा श्वास सोडला की तो सगळ्यांना ऐकू आला. बोट लाल झालं होतं, नखाचं टोक चिरलेलं, आत थोडा पू. अजून दोनतीन दिवस गेले असते तर बोट कापायची पाळी आली असती, असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा प्राजक्ताने घट्ट डोळे मिटले.

चिरलेलं टोक काढायला डॉक्टरांनी नखकात्री उचलली आणि मागून आवाज आला.

"आज शनिवार आहे," आत्या म्हणाली.

डॉक्टरांना काही कळेना. जुईला मात्र सगळं लख्ख कळलं. शनिवारी नखं कापायची नाहीत. आत्याच्या घरात कापायचीच नसतात.

जुईला रागही आला आणि आत्याची कीवही. ती म्हणाली, "आत्या, तिला आज दुखतंय."

आत्याने जिलबीच्या बांधलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग चपला सरकवत पुढे आली, जिला कधी बोट लावलं नव्हतं त्या कुत्रीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तोंड दुसरीकडे वळवून म्हणाली, "कापा."

जखम धुऊन, औषध लावून, वरून सैल पट्टी बांधल्यावर डॉक्टरांनी विचारलं की याआधी नखं कधी कापली होती. दिवाळीत, जुई म्हणाली. मग एवढे महिने का नाही? तिघंही पोरं छताकडे पाहू लागली. शेवटी आत्याच खाकरली. सोमवार महादेवाचा, मंगळवारी नको, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवारी तर नाहीच. रविवारही तिच्या सासरी पाळत. उरला बुधवार, तर अनंताचा जन्मवार. आणि दिवेलागणीनंतर तर प्रश्नच नाही. शुभ वार काही निघेना, म्हणून ती उज्जैनला गेल्याबरोबर अनंतरावांनी घाईघाईने काम उरकायला घेतलं होतं.

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी शेजारच्या पिंजऱ्यातला एक पांढऱ्या नखांचा कुत्रा दाखवला आणि बॅटरीचा उजेड नखाच्या मागून धरला. नखाच्या आत गुलाबी रेघ दिसली, टोकाच्या अलीकडे संपणारी. "हा आतला जिवंत भाग. यात रक्त असतं. नख न कापता वाढू दिलं की त्याच्यामागोमाग हाही पुढे सरकत येतो," त्या म्हणाल्या.

जुई एकदम उभी राहिली. "म्हणजे काकांचं गेज तेच होतं, पण नखाच्या आतलं बदललं होतं! दिवाळीत जिथे नुसतं नख होतं, तिथे आता..."

"तिथे आता रक्त होतं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि काळ्या नखात ते बाहेरून दिसत नाही. बरोबर ओळखलंस."

मग काळ्या नखाचं काय करायचं, हा जुईचा पुढचा प्रश्न तयारच होता. डॉक्टरांनी जिलबीच्या चांगल्या पायाचं एक नख घेतलं आणि टोकाचा अगदी पातळ काप काढला. कापलेली जागा कोरडी, खडूसारखी दिसत होती. आणखी एक काप. आता मधोमध एक काळसर, ओलसर ठिपका दिसू लागला. हा ठिपका दिसला की हात थांबवायचा, पुढे जिवंत भाग आहे. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी असं जरा जरा कापलं की आतला भाग हळूहळू मागे हटतो. पुढचं नख त्यांनी जुईला कापू दिलं. ठिपका दिसताच ती थांबली.

आणि चुकून रक्त आलंच तर? आत्या हळद म्हणाली, निखिल पट्टी म्हणाला. दोन्ही नको. स्वच्छ कापडाने नाहीतर मक्याच्या पिठात नखाचं टोक दाबून धरायचं, उघडून उघडून बघायचं नाही. बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतं. बोटाला गच्च काही गुंडाळायचं नाही, माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. रक्त थांबलं नाही, सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीही लंगडलं तर सरळ दवाखाना. जुईने सगळं दोनदा म्हणून पाठ केलं. जिलबीने पट्टी चाटू नये म्हणून तिच्या गळ्यात प्लॅस्टिकचा मोठा कर्णा घातला, आणि ती दाराला धडकत बाहेर पडली.

चावण्यामागचं कारण सापडलं होतं. पण बाबांचा निर्णय अजून तसाच होता.

संध्याकाळी बाबा धुळीने माखून आले. जुईने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जिलबीचा पाय दुरून पाहिला, डॉक्टरकडे नेलं ते बरं केलं असं म्हणाले. पण दुखो की न दुखो, चावलं ते चावलं. उद्या एखाद्या लहान मुलाला चावली तर? दत्तूला शब्द दिलाय.

जुईला हे उत्तर येणार हे माहीत होतं. तिने वाद घातला नाही. फक्त बाबांचा उजवा हात मागितला आणि त्यांच्या करंगळीवर काळी टेप गुंडाळायला लागली. घट्ट.

"हे काय चाललंय?" बाबा म्हणाले.

चहा होईपर्यंत ठेवा, एवढंच जुई म्हणाली. बाबांनी पोरीची समजूत काढायची म्हणून ठेवून घेतली. चहा मात्र काही होईना. आत्याला आलं सापडेना, मग गाळणं सापडेना. आत्याला स्वयंपाकघरात एखादी वस्तू सापडत नाही, यावरूनच बाबांना संशय यायला हवा होता. ते बोट झटकत होते. ते लाल झालं होतं, ठणकायला लागलं होतं. इतक्यात बेल वाजली.

"नमस्कार काका, कसे आहात?" असं म्हणत निखिलने तोच हात पकडला आणि जोरजोरात हलवला.

"अरे गाढवा, सोड!" बाबा केवढ्यांदा ओरडले आणि दुसऱ्या हाताचा एक सणसणीत रट्टा निखिलच्या पाठीत बसला. कट ठरला होता खरा, पण रट्टा काही ठरलेला नव्हता. निखिल बिचारा पाठ चोळत उभा राहिला.

"बाबा, तुम्ही त्याला का मारलंत?" जुईने विचारलं.

"का म्हणजे? बोट ठणकतंय माझं!"

"मग तसं सांगायचं ना."

"सांगायला वेळ कुठे दिला त्या..."

बाबांचं वाक्य अर्ध्यावरच थांबलं. जिलबी कोपऱ्यातून कर्णा हलवत त्यांच्याकडे पाहत होती. बाबांनी टेप सोडवली. चहा होईपर्यंतही ती त्यांना सहन झाली नव्हती, आणि जिलबीने ती मंगळवारपासून सोसली होती. बोट चोळत ते हळूहळू खाली बसले, फरशीवरच.

"मी तिथेच होतो गं," ते म्हणाले. "ती कळवळली मंगळवारी. मी फोनवर होतो. तिलाच गप्प बस म्हणालो."

जुईने बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं, जिंकल्यावर आपण उड्या मारू. ती तर त्यांच्या शेजारी जाऊन नुसती बसली. बाबांनी खिशातून फोन काढला, मंडीदीपचा नंबर लावला आणि दत्तूभाऊंना सांगितलं की कुत्रं द्यायचं नाही, चूक आमचीच होती. मग त्यांनी निखिलची माफी मागितली आणि आत्याला एकाच हाकेत आलंही सापडलं, गाळणंही.

रविवारी सकाळी जितेंद्रकाका स्टेशनवरून थेट वरच आले. डोक्यात अजून लग्नातल्या अक्षता होत्या. त्यांनी जिलबीचं बोट पाहिलं, जुईकडून काळ्या ठिपक्याची सगळी हकीकत दोन वेळा ऐकली आणि तडक खाली गेले. पोरांना वाटलं, काकांना राग आला. थोड्या वेळाने पाहतात तर खाली आंब्याच्या सावलीत त्यांचं बाकडं मांडलेलं, बाजूला वाटीभर मक्याचं पीठ, आणि गेजचा कुठे पत्ता नाही. वसाहतीतली दहाबारा माणसं आपापली कुत्री घेऊन जमली होती. काकांनी एका भुऱ्या कुत्र्याचा पाय गुडघ्यावर घेतला, नखकात्री उघडली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जन्मभर मी मापावर काम केलं. आत काय आहे ते या पोरीने पाहिलं. ये जुई, बॅटरी धर. कुठे थांबायचं ते तू सांग."

जुई बाकड्याशेजारी बसली. एक काप, दुसरा काप. ती वाकून पाहत होती. "थांबा," ती म्हणाली, आणि काका थांबले.

तिसऱ्या मजल्यावरच्या अश्विनीकाकू आपलं कुत्रं पोटाशी धरून जरा लांबच उभ्या होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, तुमची जिलबी आता चावणार तर नाही ना?

"दुखलं तर चावेलही," बाबा म्हणाले. "पण गोष्ट तिथवर जाणारच नाही. ती का कळवळते, ते विचारणारं माणूस आहे आमच्या घरात."

जुईचे कान लाल झाले. कोणाला दिसू नये म्हणून तिने बॅटरी पुढच्या नखावर धरली आणि काकांना म्हणाली की आता हे घ्या.